लुटीचा माल विकत घेऊ नये

बीजिंगच्या वायव्येला असलेली युआनमिंगयुआन ही चिनी सम्राटांची बाग ब्रिटिशांनी १८६० साली, फ्रेंचांच्या साथीने लढलेल्या दुसऱ्या अफूयुद्धात, जाळली. का जाळली, याचं एक ठरीव उत्तर तेव्हापासून दिलं जातं. वाटाघाटींसाठी पांढरं निशाण घेऊन गेलेल्या लोकांना चिनी अधिकाऱ्यांनी पकडलं, त्यांचे हाल केले, त्यात निम्म्याच्या आसपास माणसं दगावली आणि त्याची शिक्षा म्हणून ब्रिटिश सरकारचा वकील लॉर्ड एल्गिनने सम्राटाचा आवडता प्रासाद पेटवायचा हुकूम दिला. हे सगळं घडलेलं आहे. १८ सप्टेंबरला ३९ जण पकडले गेले. त्यांत लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार टॉमस बोल्बी होता, फेनच्या घोडदळातले हिंदुस्थानी स्वार होते. दोरीने करकचून बांधलेले त्यांचे हात सुजून सडले आणि त्यातच कित्येकांनी प्राण सोडले. या क्रौर्याचं समर्थन कोणी करू नये, मीही करणार नाही.

पण तारखा ओळीने मांडून पाहिल्या की हे उत्तर अपुरं पडतं. फ्रेंच सैन्य बागेच्या दारात पोचलं ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी लूट सुरू झाली आणि ब्रिटिशही येऊन मिळाले. कैद्यांपैकी हॅरी पार्क्स आणि हेन्री लॉक जिवंत परत आले ते ८ तारखेला. मेलेल्यांचे देह शवपेट्यांतून छावणीत आले ते त्याच्याही नंतर. आग लावली गेली १८ तारखेला. म्हणजे ज्या मृत्यूंची शिक्षा म्हणून बाग जाळली, ते मृत्यू कळायच्या आधीच बाग लुटून झाली होती. जाळपोळीला सुडाचं कारण देता येतं. लुटीला तेवढंही देता येत नाही. माल हाताशी होता, राखणदार पळाले होते, आणि नेला.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज वाद चालतो तो लुटीच्या मालावर. राखेवर कोणी दावा सांगत नाही. त्या बागेतल्या वस्तू लंडन, पॅरिस, हाँगकाँगच्या लिलावांत अजून येतात, कोट्यवधींना जातात, आणि ज्यांच्या घरातून त्या गेल्या तेच बहुतेक वेळा पैसे मोजून त्या परत घेतात. हे थांबलं पाहिजे, असं माझं मत आहे. चीनने थांबवावं आणि आपणही, कारण गेल्या वर्षा-दोन वर्षांत आपणही त्याच वाटेने निघालो आहोत.

आधी तिथे काय होतं ते सांगायला हवं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट खांगशीने ही जागा आपल्या मुलाला दिली. तो पुढे योंगझेंग म्हणून गादीवर आला आणि त्याने बाग वाढवली. त्याचा मुलगा चियानलोंग याने ती इतकी वाढवली की एकाला लागून एक अशा तीन बागा मिळून सुमारे ३५० हेक्टरांचा पसारा झाला. इंग्रजीत तिला उन्हाळी राजवाडा म्हणतात, त्यामुळे हवापालटाची जागा असावी असा समज होतो. प्रत्यक्षात हे सम्राट वर्षाचा बराचसा काळ तिथेच राहत, दरबार तिथे भरे, राज्यकारभार तिथून चाले. दक्षिणेकडच्या यांगत्सेच्या खोऱ्यातल्या नामांकित बागा चियानलोंगने पाहिल्या आणि आवडतील त्या इथे नव्याने रचून घेतल्या. तळी खोदली, निघालेल्या मातीच्या टेकड्या केल्या, काठांवर लाकडी मंडप, देवळं, ग्रंथालयं बांधली. चियानलोंगने साऱ्या चिनी वाङ्मयाचा जो प्रचंड हस्तलिखित संग्रह करवून घेतला होता, त्याच्या सात प्रतींपैकी एक या बागेत होती. ती गेली.

आज युआनमिंगयुआनचं छायाचित्र म्हणून जे दिसतं ते मात्र वेगळंच आहे: कोरीव संगमरवरी खांब, तुटक्या कमानी, जणू रोमचे अवशेष. बागेच्या उत्तर कडेला चियानलोंगने जेझुइट पाद्र्यांकडून, म्हणजे इटालियन चित्रकार जुझेप्पे कास्तिल्योने आणि फ्रेंच मिशेल बेन्वा यांच्याकडून, युरोपीय धाटणीचे काही महाल आणि कारंजी करून घेतली होती. एकूण बागेच्या मानाने तो एक अरुंद पट्टा. पण तो दगडी होता म्हणून उरला, आणि खरी चिनी बाग लाकडी होती म्हणून जळाली. ती मूळ बाग कशी दिसत होती हे पाहायचं तर चियानलोंगच्या दरबारी चित्रकारांनी १७४४ साली पुरी केलेली चाळीस दृश्यांची चित्रमालिका पाहावी लागते. ती आहे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. १८६० च्या लुटीत एका फ्रेंच कर्नलने ती नेली आणि १८६२ साली ग्रंथालयाने ती विकत घेतली. घर जाळलं आणि घराचं चित्रही नेलं, असा हा प्रकार आहे.

त्या लुटीचं वर्णन करणाऱ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो रॉयल इंजिनियर्सचा २७ वर्षांचा कॅप्टन चार्ल्स गॉर्डन, जो पुढे खार्टूममध्ये मारला गेला. घरी लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की आम्ही जाळलेल्या वास्तूंच्या सौंदर्याची तुम्हाला कल्पनाच करता येणार नाही, त्या जाळताना जीव कळवळत होता. लगेच पुढे तो सांगतो, की जागा इतकी अवाढव्य आणि वेळ इतका थोडा, की नीट लुटताही आलं नाही. सोन्याच्या कितीतरी वस्तू पितळेच्या समजून जळू दिल्या. जीव कळवळणं आणि नीट लुटता न आल्याची नोंद एकाच पत्रात, एकाच हाताने. एल्गिनच्या रोजनिशीतही ७ ऑक्टोबरला असंच काहीसं आहे. लुटणं वाईटच, पण त्याहून वाईट ही नासधूस, असं तो लिहितो, आणि दहा लाख पौंडांच्या मालातून पन्नास हजारही हाती लागणार नाहीत असा अंदाज करतो. या माणसांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं, अशी सवलत त्यांना देता येत नाही.

आणि हा नुसता बेभान झालेल्या शिपायांचा धुमाकूळ होता असंही नाही. पहिला भर ओसरल्यावर ब्रिटिश सेनापती होप ग्रँटने हुकूम काढला, की अधिकाऱ्यांनी मिळवलेला माल जमा करावा. त्यासाठी समिती नेमली. छावणीजवळच्या एका लामा मंदिरात सगळ्या वस्तू मांडून त्यांचा लिलाव झाला. घेणारे तेच अधिकारी. आलेला पैसा आणि सापडलेलं सोनं-चांदी यांचे हुद्द्यानुसार वाटे पडले आणि साध्या शिपायाच्या पदरात सुमारे चार पौंड आले. ग्रँट, मायकेल आणि नेपियर या तिघा सेनानींनी आपला वाटा सोडला, म्हणून त्यांचं कौतुकही झालं. लिलावात ज्याने वस्तू घेतली त्याच्याकडे ती आता चोरीची राहिली नाही, रीतसर खरेदीची झाली. लिलावाने केलं ते एवढंच, पण ते फार मोठं होतं. लंडन-पॅरिसच्या बाजारात त्या वस्तू पुढे ‘पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्यातली’ अशी ठळक ओळख लावून विकल्या गेल्या, कारण त्या ओळखीने भाव चढत होता. लाज वाटण्याचा प्रश्नच नव्हता. तिथून पळवलेलं एक पेकिनीज जातीचं कुत्रं राणी व्हिक्टोरियाला नजर केलं गेलं आणि त्याचं नाव ‘लूटी’ ठेवण्यात आलं.

ही पद्धत चीनसाठी घडवलेली नव्हती. तिचा सराव आपल्याकडे झाला होता. १८१७-१८ च्या लढाईत पुणे, नागपूर, महिदपूर इथे जे हाती लागलं त्याला कंपनीच्या दफ्तरात ‘डेक्कन प्राइझ मनी’ असं नाव होतं. तो पैसा नेमक्या कोणत्या फौजेचा, लॉर्ड हेस्टिंग्जच्या की सर टॉमस हिस्लॉपच्या, यावर विलायतेत कित्येक वर्षं भांडण चाललं आणि वाटपासाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टनला विश्वस्त नेमावं लागलं. ज्यांचं गेलं त्यांचा तिथे कोणी विचारही केला नाही. एकाने कोर्टात दाद मागितली. पेशव्यांच्या पदरचे नारोबा गोविंद औटी यांची पुण्यातली संपत्ती एल्फिन्स्टनच्या अमलात जप्त झाली होती. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, तो फिरवला. युद्धातली जप्ती चुकीची असली तरी दिवाणी कोर्टाला तिच्यात पडता येत नाही, असं ठरलं. वकिलीच्या अभ्यासात हा खटला अजून येतो. मराठी माणसाने तो जरूर वाचावा, कारण लुटीला कायद्याच्या कक्षेबाहेर कसं ठेवलं जातं ते त्यात स्वच्छ दिसतं.

माणसंही तीच होती. १८५७ साली चीनकडे निघालेलं सैन्य एल्गिनने वाटेतून कलकत्त्याकडे वळवलं, इथला उठाव मोडायला. होप ग्रँट आणि रॉबर्ट नेपियर दोघेही १८५८ साली लखनौत होते, जिथे कैसरबागेची लूट झाली. नेपियर त्यानंतर तात्या टोप्यांच्या पाठलागावर होता. दोनच वर्षांनी दोघेही पंजाबी, शीख, मद्रासी पलटणी घेऊन चीनमध्ये उतरले. पुढे नेपियर मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती झाला, मुंबईहूनच मोहीम घेऊन इथिओपियात गेला आणि १८६८ साली मक्दाला किल्ल्यावर तोच क्रम पुन्हा झाला: लूट, जमा, लिलाव, वाटे. हत्तींवर लादून माल उतरवला गेला. एल्गिन मधल्या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशालेला वारला. ग्रीसमधल्या पार्थेनॉनची शिल्पं काढून नेणारा लॉर्ड एल्गिन हा त्याचा बाप.

मुंबईचाही या युद्धात हिस्सा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ज्या अफूपायी चीनशी दोन युद्धं झाली, तिच्यातली माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकत होती आणि मुंबई बंदरातून जात होती. कंपनी तिच्यावर पास-फी घेत होती. सर जमशेटजी जीजीभाईंच्या आणि डेव्हिड ससूनच्या दानाने उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये आपण शिकलो, बरे झालो. त्या दानामागच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून आला, आणि त्या व्यापारात अफू होती. दुसऱ्या युद्धाच्या ऐन मध्यावर, १८५८ साली, चीनला अफूची आयात कर लावून कायदेशीर करणं भाग पडलं. युआनमिंगयुआनबद्दल बोलताना आपण फक्त लुटल्या गेलेल्यांच्या बाजूला बसू शकत नाही.

आता आजच्या बाजाराकडे येऊ.

त्या युरोपीय महालांपैकी एकापुढे एक जलघटिका होती. बारा चिनी राशींच्या प्राण्यांची ब्राँझची बारा शिरं, माणसांच्या दगडी धडांवर बसवलेली. दर दोन तासांनी एकेका प्राण्याच्या तोंडून पाणी उडे आणि भर दुपारी बाराही तोंडं एकदम वाहत. कल्पकतेने केलेली, देखणी कारंज्याची तोटी, एवढीच खरं तर त्यांची योग्यता. चिनी कलेची ती शिखरं आहेत असं कोणी जाणकार म्हणणार नाही. पण २००० साली हाँगकाँगच्या लिलावांत बैल, माकड आणि वाघ आले, चीन सरकारने आक्षेप घेतला, लिलाव तरीही झाले आणि एका चिनी सरकारी उद्योगसमूहाने तिन्ही मिळून तीन कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर मोजून ती घेतली. पुढे काय व्हायचं ते ठरून गेलं. २००७ साली घोड्याचं एकच शिर मकावच्या स्टॅनली हो यांनी ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलरना घेतलं. २००९ साली पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात उंदीर आणि ससा आले तेव्हा प्रत्येकाची बोली १ कोटी ५७ लाख युरोवर गेली. ब्राँझ तेच, कारागिरी तीच. नऊ वर्षांत भाव असा चढला तो चीन कोणत्याही किमतीला घेणार हे विकणाऱ्याला कळल्यामुळे. लुटीचा डाग हीच त्या वस्तूची किंमत झाली, आणि ती किंमत देशप्रेमी खरेदीदारांनी वाढवली.

त्या २००९ च्या लिलावात बोली जिंकणारे त्साय मिंगचाव यांनी नंतर पैसे द्यायला नकार दिला आणि हा आपला निषेध आहे असं जाहीर केलं. लिलावाच्या रीतीला ते धरून नव्हतं, पण त्यामुळे एक झालं: विक्री मोडली. माझ्या मते त्या साऱ्या इतिहासातलं ते सर्वांत उपयोगी कृत्य होतं. चार वर्षांनी क्रिस्टीजचे मालक असलेल्या पिनो कुटुंबाने ती दोन्ही शिरं चीनला विनामूल्य दिली. ज्या महिन्यात त्यांनी हे जाहीर केलं, त्याच महिन्यात क्रिस्टीजला चीनमध्ये स्वतंत्रपणे धंदा करायचा परवाना मिळाल्याची बातमी आली होती. विनामूल्य म्हटलेल्या परतीलाही हिशेब असू शकतो, हे विसरू नये. तरीही चीनच्या तिजोरीतून त्या दोन शिरांसाठी एक युरोही गेला नाही, हे खरं.

२०१८ सालचं उदाहरण याहून उघडं आहे. इंग्लंडमध्ये कँटरबरीला एका लिलावघरात ब्राँझचं प्राचीन पात्र आलं. १८६० साली बागेच्या लुटीत हजर असलेल्या रॉयल मरीन्सच्या अधिकाऱ्याने ते आणलं होतं आणि घरी लिहिलेल्या पत्रांत तसं नमूदही केलं होतं. चोरीचा इतका स्वच्छ कबुलीजबाब कुठल्याही कोर्टाला पुरावा. तो इथे जाहिरातीला वापरला गेला. चीनने विरोध केला, लिलाव झाला, ४ लाख १० हजार पौंड आले, ते विकणाऱ्याला मिळाले. नंतर निनावी खरेदीदाराने पात्र चीनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकलं आणि सगळे समाधानी झाले. पण लुटणाऱ्याच्या पत्रातली कबुली आणि विकणाऱ्याच्या खात्यातले पैसे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तरी समाधान वाटत नाही.

आपली चोरीला गेलेली सायकल जुन्या बाजारात दिसली तर आपण घासाघीस करत नाही, पोलिसांना बोलावतो. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र पाकीट काढणं हाच सभ्यपणा मानला जातो.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, सुमारे ४७ लाख रुपये खर्च केले आणि ऑगस्टमध्ये ती वाजतगाजत मुंबईत आणली. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकरांच्या खजिन्यातून ती गेली असावी, असं मानलं जातं. ती परत आली याचा आनंद मलाही झाला. सेनासाहेबसुभ्याचं नाव असलेलं शस्त्र परक्या दिवाणखान्यात टांगलेलं असण्यापेक्षा इथे असलेलं कोणाला नको आहे? पण त्या मिरवणुकीत एक प्रश्न कोणी विचारला नाही: विकणाऱ्याकडे ती कशी आली? लुटीची असेल तर आपण लुटारूच्या वारसाहक्काला सरकारी पैशाने मान्यता दिली. लुटीची नसेल तर ‘परत आणली’ हा शब्द वापरायचं कारण नाही, मग ती एक चांगली खरेदी आहे इतकंच. दोन्हीपैकी काय, हे शोधण्याची तसदी सरकारने घ्यायला हवी होती.

त्याच वर्षीचं पिप्रावाच्या रत्नांचं प्रकरण तर हळहळ वाटावी असं आहे. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेली ही रत्नं १८९८ साली विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने उकरून काढली. त्याच्या वंशजांनी ती सदबीजच्या हाँगकाँगच्या लिलावात ठेवली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि मे २०२५ चा लिलाव पुढे ढकलला गेला. नोटीस चालते, हे सिद्ध झालं होतं. मग जुलैमध्ये मुंबईच्या गोदरेज समूहाने ती रत्नं विकत घेऊन देशात आणली. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण नोटिशीने जे बंद केलं होतं ते खरेदीने उघडलं. पुढच्या वेळी एखाद्या वंशजाला नोटीस गेली, तर तो शांतपणे वाट पाहील.

आता विरोधातले मुद्दे. पहिला आणि जड मुद्दा असा, की आपले पूर्वज काय लुटत नव्हते? लुटत होते. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेतल्या मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि शंकराचार्यांना मदत टिपू सुलतानाने पाठवली. बंगालमध्ये बारगिरांचं नाव घेऊन पोरांना झोपवत. चियानलोंगबद्दलही हेच. ज्या काळात तो ही बाग सजवत होता, त्याच काळात त्याच्या फौजांनी मध्य आशियातल्या झुंगार लोकांचा जवळजवळ निर्वंश केला. हे सगळं मान्य करून मी म्हणतो, की यामुळे लुटलेल्या वस्तूवरचा लुटारूचा हक्क सिद्ध होत नाही. झालंच तर आपलीही दफ्तरं उघडायची जबाबदारी येते. शृंगेरीहून काय आलं आणि कुठे गेलं हे कोणी शोधत असेल, तर त्याला महाराष्ट्राने मदत केली पाहिजे.

दुसरा मुद्दा चीनच्या सरकारबद्दलचा आहे. पॅरिसच्या त्या दोन शिरांचे २००९ च्या लिलावावेळचे मालक पिएर बर्जे म्हणाले होते, की चीनने मानवी हक्क पाळावेत, तिबेट मोकळा करावा, मग मी ती देतो. तिबेटबद्दलची त्यांची मागणी रास्त होती. सांस्कृतिक क्रांतीत चीनने स्वतःचीच देवळं आणि ग्रंथ ज्या हातांनी फोडले-जाळले, त्या हातांना लुटीवर बोलायचा अधिकार आहे का, असंही विचारता येतं. युआनमिंगयुआनचं उरलंसुरलं लाकूड, संगमरवर पुढच्या दशकांत चिनी लोकांनीच काढून नेलं, तिथे शेती केली, हेही खरं. पण दुसऱ्याची वस्तू हाती धरून त्याला सुधारायची अट घालणं म्हणजे खंडणी. बीजिंगचं सरकार त्या अवशेषांचा वापर राष्ट्राभिमान पेटवायला करतं, शाळेच्या सहली तिथे नेऊन ‘अपमान विसरू नका’ असं शिकवतं. मला त्यातला तापटपणा आवडत नाही. मात्र एखाद्याचा दावा खरा की खोटा, हे त्याच्या स्वभावावरून ठरत नाही.

तिसरा मुद्दा जतनाचा: तिकडे वस्तू टिकल्या, इकडे टिकल्या नसत्या. काही बाबतीत खरं असेल. पण ही बाग ज्यांनी जाळली त्यांच्याच बाजूने हा मुद्दा मांडला जावा हे ऐकवत नाही. आणि फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या महालात सम्राज्ञी यूजेनीने १८६३ साली याच लुटीचं चिनी दालन सजवलं होतं, तिथून मार्च २०१५ मध्ये चोरांनी काही मिनिटांत मौल्यवान वस्तू पळवल्या.

मग करायचं काय? कायद्याचा रस्ता बंद आहे असं सांगितलं जातं. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. संग्रहातली वस्तू देऊन टाकायला ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा आड येतो, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा. म्हणून तिथून वस्तू येतात त्या उसन्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून साताऱ्याला आलेली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीने आली. ती ग्रँट डफला भेट मिळाली होती असं सांगतात, तेव्हा तो प्रश्न वेगळा. पण मक्दालाहून लुटून नेलेल्या वस्तूही त्याच संग्रहालयाने २०१८ साली इथिओपियाला उसन्याच देऊ केल्या होत्या. हे कायदे त्या त्या देशाच्या संसदेने केलेले आहेत आणि संसद ते बदलू शकते. फ्रान्सने २०२० साली खास कायदा करून बेनिन देशाला २६ वस्तू परत केल्या, त्याही १८९२ च्या लष्करी लुटीतल्या. ग्लासगोच्या संग्रहालयांनी २०२२ साली भारताला सात वस्तू द्यायचा करार केला, त्यांतल्या सहा एकोणिसाव्या शतकात देवळांतून चोरलेल्या होत्या. कोणी लिलाव मांडला नाही, कोणी बोली लावली नाही. मागणी, कागदपत्रं आणि चिकाटी यांनी ते झालं.

कागदपत्रांवर माझा सर्वाधिक भर आहे, कारण युआनमिंगयुआनची लूट ही हिशेब ठेवून केलेली लूट होती. समितीची वाटणी, अधिकाऱ्यांची पत्रं, लिलावघरांची जुनी सूचिपत्रं, संग्रहालयांच्या खरेदी-वह्या: ज्या अभिमानाने तेव्हा नोंदी केल्या, त्याच नोंदी आज साक्षीदार आहेत. चीनने, इथिओपियाने, नायजेरियाने आणि भारताने एकत्र येऊन पहिली मागणी या नोंदी खुल्या करण्याची करावी. दुसरी मागणी अशी, की ज्या वस्तूचा मागचा प्रवास विकणारा दाखवू शकत नाही ती लिलावघराने घेऊच नये, आणि ज्या वस्तूचा प्रवास लुटीपाशी पोचतो तिची जाहिरात करण्याऐवजी मूळ देशाला आधी कळवावं. लिलावघरांना चीन आणि भारत या दोन्ही बाजारपेठा हव्या आहेत. धंद्याचा परवाना देताना ही अट घालायला बीजिंगला किंवा दिल्लीला कोणाची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्र सरकारपुरतं सांगायचं, तर पुढची तलवार, पुढचं चिलखत, पुढची राजमुद्रा लिलावात येणारच आहे. लंडनमध्ये अशा वस्तूंना आता गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना कळलं आहे. तेव्हा मंत्र्यांनी विमानतळावर स्वागताची तयारी करण्याआधी पुराभिलेखागारातल्या दोन अभ्यासकांना बसवावं, डेक्कन प्राइझ मनीची कागदपत्रं मागवावीत आणि लिलावघराला लेखी विचारावं: ही वस्तू तुमच्या अशिलाकडे कोणाकडून, कोणत्या साली आणि कशी आली? उत्तरातून लूट सिद्ध झाली तर बोली न लावता नोटीस द्यावी आणि ती नोटीस शेवटपर्यंत लढवावी, त्यात वस्तू काही वर्षं हुकली तरी चालेल. रघुजींच्या तलवारीबाबतही हे पत्र आज पाठवता येईल. लिलाव झाला म्हणून प्रश्न शिळा होत नाही. जे उत्तर येईल ते, किंवा उत्तर आलं नाही तर ते अनुत्तरित पत्र, तलवारीच्या शेजारी त्याच काचेत लावावं.